बिल्डबुवा

जुन्या वस्तूंच्या नादी लागलेल्या माणसांना पुण्यात तोटा नाही. कुणी पितळी अडकित्ते जमवतो, कुणी लॅम्ब्रेटाचे हेडलाइट, कुणी एचएमव्हीच्या तबकड्या. त्यांचं एक बरं असतं, घरी आलेल्या पाहुण्याला वस्तू दाखवता येते. पाहुणा "वा!" म्हणतो, चहा पितो, जातो. बिल्डबुवांची पंचाईत अशी की त्यांनी जमवलेलं दाखवलं तरी दिसत नाही, आणि दिसलंच तर ते बिघडलंय असं वाटतं.

बिल्डबुवा ही एक जमात आहे. विंडोजचे ड्रायव्हर लिहिण्यात उमेदीची वर्षं घातलेला, पन्नाशी ओलांडलेला, कंपनीने "प्रिन्सिपल" वगैरे भारदस्त पद देऊन खिडकीशेजारी बसवून ठेवलेला असा एक इंजिनिअर प्रत्येक जुन्या आयटी कंपनीत असतो. नव्या पोरांना तो काय करतो हे ठाऊक नसतं. पण मशीन निळं पडलं आणि कुणालाच उमगेना, की मॅनेजर हळूच म्हणतो, "बुवांना विचारून बघा ना." माझ्या ओळखीचे बुवा आमच्याच सोसायटीत राहतात, म्हणून पुढचं सगळं त्यांच्यावरून. तुमच्याकडचे बुवा चष्म्याच्या नंबरात तेवढे वेगळे निघतील.

बुवा जमवतात ती विंडोजची 'चेक्ड बिल्डं'. हे काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर त्यांच्याविषयी उगाच गैरसमज होतो. (आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बरेच दिवस वाटत होतं की ते बांधकाम व्यवसायात आहेत.) एनटीच्या काळापासून मायक्रोसॉफ्ट आपली सिस्टिम दोन रूपांत बांधायचं. एक आपल्यासारख्यांसाठी, वेगवान, गोडबोली. दुसरी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी. सोर्स कोड तोच, पण पावलोपावली तपासण्या चालू ठेवलेल्या. पहिली म्हणजे लग्नातले यजमान. पंगतीत मीठ कमी पडलं तरी हसून "होतंय, होतंय" म्हणणारे. दुसरी म्हणजे मुलाकडची आत्या. अक्षता कुणी उलट्या हाताने टाकल्या, विहिणीची ओटी कुणी उभ्यानेच भरली, तिच्या नजरेतून काही सुटत नाही; आणि खटकलं की ती सगळं कार्य जागच्या जागी थांबवते. यजमानांकडचं लग्न पार पडतं आणि भानगडी सहा महिन्यांनी बाहेर येतात. आत्याबाईंकडे मांडवातच निकाल.

ही आत्या भांडते कशी, तेही बघण्यासारखं. तपासणीत एखादी गोष्ट नापास झाली की दुसऱ्या मशीनवरच्या डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या प्रोग्राममध्ये, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक उमटतो आणि खाली प्रश्न येतो: दर वेळी थांबू, एकदाच थांबू, दुर्लक्ष करू, प्रोसेस संपवू, की थ्रेड संपवू? कंसात प्रत्येक पर्यायाचं एकेक अक्षर: बी, ओ, आय, पी, टी. बुवा याला 'बोइप्ट' म्हणतात आणि संसारातही वापरतात. मुलाने बाइकसाठी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "सध्या आय." आणि डीबगर जोडलेलाच नसला तर प्रश्न कुणाला विचारायचा? सरळ निळा पडदा. म्हणून बुवांच्या पलंगाखाली सिरियल पोर्ट असलेली दोन जुनी डेस्कटॉप आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन नंबरची आणि तीन नंबरची तार उलटसुलट जोडलेली नल-मोडेम केबल. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. आजच्या लॅपटॉपला असा पोर्ट नसतो, हे वाक्य बुवा "आजकाल पत्रं कुणी लिहीत नाही" या चालीवर म्हणतात.

मूळ विषय शोधाशोधीचा. ही बिल्डं दुकानात कधीच मिळत नव्हती. कंपन्या एमएसडीएनची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेव्हलपरांसाठीच्या योजनेची, वर्गणी भरायच्या आणि त्यांना सीडींची बाडं यायची. त्यांत सगळी विंडोज, सगळ्या भाषांतली, आणि मधल्याच एखाद्या कप्प्यात 'चेक्ड/डीबग बिल्ड' असं लेबल लावलेली ही सीडी. शंभरातल्या नव्याण्णव ऑफिसांत ती कप्प्यातून कधी बाहेरच निघाली नाही. पुढे कंपनी बाणेरहून हिंजवडीला गेली, बाडं भंगारात गेली. बुवांचं सगळं आयुष्य त्या भंगाराच्या मागावर आहे.

रविवारी सकाळी ते जुन्या बाजारात असतात. पाने, नळ, तुटकी घड्याळं यांच्या मधे कुणीतरी सीडींचा ढीग मांडलेला असतो. बुवा उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एकेक सीडी उजेडाकडे तिरपी धरून लेबल वाचतात. विक्रेत्याला हे गिऱ्हाईक आता पाठ झालंय.

"काका, पिच्चर पायजे का गाणी?"

"विंडोज दोन हजार. प्रोफेशनल. चेक्ड."

"चेक केल्याली हाय ना! सगळ्या चेक करूनच ठेवतो मी."

बुवा उत्तर देत नाहीत. त्यांच्या मते एवढी गुणवत्तेची हमी पुण्यातल्या कुठल्याच सॉफ्टवेअर कंपनीने आजवर दिलेली नाही.

सीडी मिळाली म्हणजे काम संपलं असं नाही. ती अस्सल आहे का? मायक्रोसॉफ्ट एमएसडीएनच्या वर्गणीदारांसाठी डाउनलोडला ठेवलेल्या फायलींसोबत एसएचए-वन ठसा छापायचं, चाळीस अक्षर-अंकांचा. ते जुने ठसे बुवांनी एका वहीत उतरवून ठेवलेत. रात्री जेवणं झाली की ते आणि त्यांचा नाशिकचा एक समानशील मित्र फोनवर एकमेकांना ठसे वाचून दाखवतात. "ए, सात, तीन, एफ, एफ... एफ की एस? फणसातला फ का?" शेजारच्या आजींना हे कुठलंसं अनुष्ठान वाटतं आणि त्या तेवढ्या वेळापुरता टीव्ही बारीक करतात.

मग सर्व्हिस पॅक. एक्सपी म्हटलं की आपल्याला एक्सपी. हिरवी टेकडी, निळं आकाश, संपलं. बुवांना त्यात नुसतं एक्सपी, पॅक एक, पॅक दोन आणि पॅक तीन अशी चार वेगळी माणसं दिसतात आणि प्रत्येकाचा चेक्ड अवतार वेगळा. डीबगर जोडला की सिस्टिम पहिल्या दोन-तीन ओळींत आपली ओळख सांगते: अमुक कर्नल (सिस्टिमचा गाभा), 'फ्री' म्हणजे साधी की 'चेक्ड', आणि बांधल्याची वेळ. एक्सपीच्या दुसऱ्या पॅकच्या शिक्क्यात ०४०८०३-२१५८ असे आकडे येतात. म्हणजे ३ ऑगस्ट २००४, रात्रीचे ९ वाजून ५८ मिनिटं. बुवांना ही वेळ तोंडपाठ आहे. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त विचारला तर "सकाळचा होता" एवढंच सांगतात.

या आकड्यांशी जुळणाऱ्या सिम्बॉल फायलीही लागतात. त्या नसल्या तर डीबगर फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते दाखवतो. साध्या बिल्डच्या सिम्बॉल फायली चेक्डला चालत नाहीत. म्हणजे एक मिळालं की दुसऱ्याचा शोध सुरू. पूर्वी सर्व्हिस पॅकची चेक्ड रूपं कंपनीच्या डाउनलोड केंद्रावर राजरोस मिळायची. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या एसएचए-वन सहीचा माल तिथून उतरवला. तेव्हापासून बुवा एसएचए-वनविषयी जे बोलतात ते छापण्यासारखं नाही, आणि तरी वहीतले ठसे एसएचए-वनचेच आहेत.

कायद्याचं काय, असं मी एकदा भीत भीत विचारलं. त्या सीड्या वर्गणीदाराच्या नावावर होत्या, वाटेल त्याने वापरायला नव्हत्या. बुवा म्हणाले, "मी चोरी करत नाही, जतन करतो." हा युक्तिवाद कोर्टात टिकेल असं वाटत नाही, पण शनिवार पेठेतल्या कट्ट्यावर टिकतो.

बुवांना सर्वांत जास्त मनस्ताप नातेवाइकांचा. त्यांचा एक भाचा सिअ‍ॅटलला असतो. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय असलेलं रेडमंड तिथून जवळ, एवढ्या भांडवलावर बुवांनी त्याला सांगून ठेवलं, "जाता-येता कुणी भेटलं तर विंडोज अठ्ठ्याण्णवच्या डीडीकेचं, ड्रायव्हर लिहायच्या संचाचं, विचार." भाचा कॉफीच्या मशीनचं ॲप लिहितो. विंडोज दोन हजार बाजारात आलं, १७ फेब्रुवारी २००० ला, तेव्हा त्याचं बारसं व्हायचं होतं. त्याने विचारलं, "मामा, पण ते स्लो असतं ना?" हो, स्लो असतंच. तपासण्यांमुळे हळू चालतं, जागा जास्त खातं. बुवांनी त्याला समजावलं की सगळी सिस्टिम चेक्ड घालायची गरज नसते. कर्नल आणि हॅल (हार्डवेअरशी बोलणारा थर) या दोनच फायली चेक्ड ठेवायच्या, बूट डॉट आयएनआयमध्ये एक जास्तीची ओळ लिहायची, बाकी सिस्टिम साधीच. आणि विंडोज ३.१ च्या काळी तर एन-टू-डी नावाची चिमुकली बॅच फाइल असायची, चालवली की साध्या फायलींच्या जागी डीबगच्या. डी-टू-एन चालवली की परत मूळपदावर. भाचा "सो क्यूट" म्हणाला. बुवांनी त्यानंतर त्याला व्हिडिओ कॉल केलेला नाही.

वहिनींचं मत थोडक्यात आहे. एके रात्री पलंगाखालचं मशीन तपासणीत अडून निळं पडलं, बुवा आनंदाने ओरडले, आणि वहिनी अर्धवट झोपेत म्हणाल्या, "एवढ्यातेवढ्याने अडून बसणारं घरात एक होतंच की."

याचा उपयोग काय, हा प्रश्न तुमच्या मनात केव्हाचा घोळत असणार. उपयोग होतो, मी पाहिलाय. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये एक्सपीवर चालणारं लेथ मशीन होतं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण लेथला ते कुणी कळवलं नाही. अशी मशीनं आपल्या औद्योगिक पट्ट्यात अजून चालतात. भोसरीतलं हे मशीन आठवड्यातून दोनदा निळं पडायचं. मालकांनी मेमरी बदलली, वायरिंग बदललं, लिंबू-मिरची बांधली. बुवा एका शनिवारी केबल आणि आपली सीडी घेऊन गेले. दुपारपर्यंत चेक्ड कर्नल बसवला, मशीन चालू केलं आणि स्टूल ओढून बसले. कामगार भोवती जमले. सव्वातीन वाजता पडदा थांबला. बुवांनी बोट ठेवलं: मशीनच्या कार्डाचा ड्रायव्हर मुळात घेतलेलंच नसलेलं एक कुलूप सोडत होता. साधं विंडोज हे पोटात घालायचं आणि भलतीकडेच कोसळायचं. आत्याबाईंनी गुन्हेगाराला रंगेहाथ पकडलं.

"म्हणजे दुरुस्त होणार?" मालकांनी विचारलं.

"नाही. ते कार्ड बनवणारी कंपनी बंद पडली. सोर्स कोड कुणाकडेच नाही."

"मग आता?"

"आता कळलं ना!" बुवा म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान की मालकांनी नकळत हात जोडले. मशीन आजही आठवड्यातून दोनदा निळं पडतं. फरक एवढाच, की कामगार आता वायरमनला शिव्या देत नाहीत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बुवांचं चुकतं एकाच ठिकाणी: हे सगळं संपलंय हे ते मान्य करत नाहीत. विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती २०१८ च्या एप्रिलमध्ये आली आणि तिथपासून चेक्ड बिल्ड मिळणं बंद झालं. त्या कामातलं बरंचसं आता ड्रायव्हर व्हेरिफायर करतो. तो विंडोज दोन हजारपासून प्रत्येक मशीनमध्ये आहे, पाहिजे त्या ड्रायव्हरपुरता चालू करता येतो, पाहिजे तेव्हा बंद करता येतो. नव्या पोरांना तो पुरतो, आणि खरं सांगायचं तर बुवाही ऑफिसात तोच वापरतात. पण बंद करता येणारी तक्रार ही तक्रार नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. शिवाय व्हेरिफायर ड्रायव्हरला जाब विचारतो; चेक्ड बिल्डमध्ये खुद्द विंडोज स्वतःलाही विचारायचं. एवढा मोकळेपणा पुन्हा कुठल्या कंपनीने दाखवला, असा बुवांचा सवाल आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुम्ही कधी काळी सॉफ्टवेअर कंपनीत असाल, तर माळ्यावरचं सीडींचं बाड रद्दीत घालण्यापूर्वी लेबलं वाचा. गॅलरीत कबुतरं हाकलायला सीड्या टांगल्या असतील तर त्याही उलटून बघा. 'चेक्ड' किंवा 'डीबग' असं लिहिलेली निघाली तर खाली उतरवा, पुसा, आणि तुमच्या ऑफिसातल्या बुवांना नेऊन द्या. कबुतरांना कुठलीही सीडी चालते.