डाव्या हातावरचा आत्मविश्वास

हॉटेल व्यवसायात आत्मविश्वासाचा तुटवडा अजिबात नाही. फक्त तो सगळा खुर्चीवर बसलेला असतो आणि आपण शेजारी पॅड-पेन घेऊन उभे असतो. साहेब खणखणीत आवाजात ‘ब्रुशेटा’ मागवतात. खरा उच्चार ‘ब्रुस्केत्ता’, हे मी केटरिंग कॉलेजात घोकून आलेलो. पण ऑर्डर परत म्हणून दाखवायचा नियम आहे. साहेबांसारखं म्हणावं तर कॉलेजातले सर डोळ्यांपुढे येतात, बरोबर म्हणावं तर साहेबांचा मिसेससमोर पाणउतारा होतो. शेवटी मी म्हणतो, “येस सर, तो टोमॅटोवाला ब्रेड.” पंचतारांकित हॉटेलात, कडक इस्त्रीच्या जाकिटात, टोमॅटोवाला ब्रेड!

यात माझ्यापेक्षा संस्कारांचा हात मोठा. आमच्या घरात ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ आणि ‘उगाच पुढेपुढे करू नये’ या दोन वाक्यांवर मुलं वाढतात. आणि हॉटेलातली नोकरी म्हणजे पगार घेऊन पुढेपुढे करणं! आत्याला तर ‘हॉटेल मॅनेजमेंट’मधला पहिला शब्द उच्चारवतच नसे. “आमचा भाचा मॅनेजमेंटला असतो,” एवढंच ती सांगायची. त्यामुळे एका लग्नात कुणा काकांनी मला ‘म्युच्युअल फंड कुठला घेऊ?’ असं विचारलं. गंमत म्हणजे त्या विषयावर मी जराही न अडखळता बोललो. ज्यातलं काही कळत नाही त्यात आत्मविश्वास फुकट मिळतो. कळायला लागलं की पाय लटपटतात.

आमचे पाय स्थिर करायला हॉटेलनं ट्रेनर आणले. त्यांनी आम्हाला आरशासमोर उभं करून ‘आय अ‍ॅम द बेस्ट’ म्हणायला लावलं. मागून हाउसकीपिंगचा मुलगा तोच आरसा पुसायला आला होता. त्याला आम्ही सगळे बेस्ट एकदाचे बाजूला व्हायला हवे होते. मग आला दहा-पाचचा नियम. गेस्ट दहा फुटांवर असताना नजर मिळवून हसायचं, पाच फुटांवर आला की ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. नियम चांगला आहे, जगभरच्या हॉटेलांत शिकवतात. पण लिफ्टचं दार उघडतं तेव्हा गेस्ट थेट तीन फुटांवर प्रकट होतो, आणि आपल्या हातात सूप असतं. दोन्ही नियम एकदम पाळताना चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहून एका आजींनी मला विचारलं, “बाळ, दात दुखतोय का?”

खरा गुरू भेटला तो रेस्टॉरंटात. आमचे कॅप्टन मूळचे सावंतवाडीचे. ‘कॉन्फिडन्स’ हा शब्द त्यांनी कधी काढला नाही. ते ट्रे काढायचे. ट्रे डाव्या हातावर, जड वस्तू अंगाकडच्या बाजूला, उजवा हात मोकळा. सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे, काटा डावीकडे, पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकावर. ब्रीफिंगला ते विचारत, “आज सूप कुठलां? त्यात क्रीम आसा? काजू?” उत्तर आलं नाही तर रागवायचे नाहीत, सरळ किचनमध्ये चव घ्यायला पाठवायचे. चव घेतलेल्या सुपाबद्दल बोलताना माणूस अडखळत नाही, हे मला तिथे कळलं.

वाइनची बाटली टेबलाशी उघडणं ही आमच्या धंद्यातली सत्त्वपरीक्षा. लेबल यजमानाला दाखवायचं, गळ्याभोवतीचा पत्रा चाकूनं ओठाखाली कापायचा, स्क्रू बुचाच्या बरोबर मध्ये रोवायचा. एरवी एकमेकांशी न बोलणारी कुटुंबं नेमकी त्याच वेळी एकत्र येऊन तुमच्या बोटांकडे बघतात. माझा हात कापताना पाहून कॅप्टन कानाशी पुटपुटले, “रे, थरथरतंस कित्याक? बाटली काय तुका खातली?” मग मागल्या बाजूला नेऊन त्यांनी मंत्र दिला: साध्या वाइनला बाटली धरायची, स्क्रू फिरवायचा, शॅम्पेनला बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. रिकाम्या बाटल्यांवर तालीम करता करता कधीतरी हात थांबला. माझा आत्मविश्वास असा आधी मनगटात आला, चेहऱ्यावर बऱ्याच उशिरानं.

सेझार रिट्झची गोष्ट आम्हाला कॉलेजात सांगत. जन्म 1850चा, स्वित्झर्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरचं तेरावं अपत्य. पोरवयात एका हॉटेलमालकानं त्याला काढून टाकलं. या धंद्याला लागणारं अंग तुझ्यात नाही, असंही सुनावलं म्हणतात. पुढे 1898 साली त्यानं पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. त्या मालकाचं नाव आज कुणाला आठवत नाही, यावरून एचआरवाल्यांनी काय तो बोध घ्यावा.

त्याच रिट्झचं नाव मिरवणाऱ्या रिट्झ-कार्लटन हॉटेलांत कर्मचाऱ्याला गेस्टची अडचण सोडवायला 2000 डॉलरपर्यंतचा खर्च साहेबांना न विचारता करता येतो. आमच्याकडे नाराज गेस्टला एक गुलाबजाम फुकट द्यायचा तर आधी कॅप्टन, मग मॅनेजर, मग रजिस्टर. सही मिळेपर्यंत गेस्टचा राग निवायचा आणि गुलाबजामही. वरच्यांनी विश्वास टाकला तर खालच्याच्या आत्मविश्वासाला निम्मं ट्रेनिंग पुरेल, पण हे ट्रेनरला कसं सांगणार? त्यांचं बिल निघायचं होतं.

राहता राहिलं अपसेलिंग, म्हणजे गेस्टला आणखी काहीतरी घ्यायला लावणं. ‘डेझर्ट हवंय का?’ असं मी अशा सुरात विचारायचो की खाणाऱ्याला अपराधी वाटावं. मग लग्नाच्या पंगतीतला वाढपी आठवला. तो ‘जिलबी हवी का?’ असं कधी विचारतो? तो विचारतो, “एक की दोन?” मीही सुरुवात केली, “गाजर हलवा घेणार की कुल्फी?” गेस्ट विचारात पडतो, मिसेस हलवा म्हणतात, मुलं कुल्फी म्हणतात आणि शेवटी दोन्ही येतं. पंगतीत आणि आमच्यात फरक एवढाच, की आमच्याकडे आग्रहाचंही बिल होतं, वर जीएसटी.

एवढं सगळं शिकल्यावर मी धीट झालो असेन, असा माझाही समज होता. पण युनिफॉर्म उतरला की धीटपणाही त्याच्याबरोबर लॉन्ड्रीत जातो. परवा सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन जेवायला गेलो. भाजी गार, रोटी वातड. वेटर अदबीनं वाकून म्हणाला, “जेवण कसं होतं सर?” आणि मी, पंचतारांकित हॉटेलातला अनुभवी माणूस, क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “छान होतं!” आई टेबलाखालून पाय मारत होती.

वेटर खूश होऊन गेला. त्याच्या चालीत केवढा आत्मविश्वास! आता माझ्या टेबलावर कुणी ‘छान होतं’ म्हणालं, की मी हसून ‘थँक यू’ म्हणतो आणि आधी ताटात किती उरलंय ते बघतो.