एसटीत उभं राहण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम

साहित्य : एक भरलेली एसटी, लोणच्याची बरणी असलेली पिशवी आणि जागा न मिळालेला विद्यार्थी, म्हणजे तुम्ही.

धडा पहिला. गाडी स्टँडात उभी, तुम्हीही उभे. कंडक्टर दोनदा घंटी मारतो, ड्रायव्हर क्लच सोडतो. पाय गाडीबरोबर निघतात, धड मात्र अजून स्टँडातच रेंगाळतं. तुम्ही मागच्या काकांच्या मांडीवर बसता. ताबडतोब उठा आणि सॉरी म्हणा. याला विराम अवस्थेचं जडत्व म्हणतात. न्यूटनने हा नियम 1687 साली छापला. आपल्याकडे 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून प्रात्यक्षिकं रोज चालू आहेत.

धडा दुसरा अवघड आहे, सावकाश वाचा. गाडी ताशी 60 किलोमीटरने पळते आहे. तुम्ही हलत नाही असं तुम्हाला वाटतं, पण तुम्हीही 60 नेच पळता आहात, नुसतं उभ्याउभ्या. तेवढ्यात म्हैस आडवी येते. ब्रेक गाडीला लागतो, तुम्हाला नाही.

आता हिशेब करू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तुमचं वजन 60 किलो, वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर. गुणाकार अंदाजे हजार. हा हजार कुठेतरी संपवावाच लागतो, प्रश्न फक्त किती वेळात एवढाच. दांडी धरून गाडीसोबत चार सेकंदांत थांबलात, तर हाताला 25 किलोचं तांदळाचं पोतं उचलल्याइतका ताण बसतो. दांडी न धरता पुढच्या सीटच्या लोखंडावर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबलात, तर तोच हिशेब एक टनावर जातो. मोबाइल दोन्ही हातांनी धरणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

(दहा टनांच्या गाडीत तुमच्याइतका संवेग यायला तिला सेकंदाला फक्त दहा सेंटिमीटर सरकावं लागतं. म्हणून रिव्हर्स घेणाऱ्या एसटीमागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणू नये.)

धडा तिसरा, घाट. गाडी डावीकडे वळते, तुम्ही सरळच जाता. उजवीकडच्या मावशी मध्ये येतात. त्या जे बोलतील ते दिशेचं जडत्व.

शंका असल्यास कंडक्टरकडे बघा. पुस्तक न उघडता या विषयात पारंगत झालेला माणूस तो. कंबर सीटच्या पाठीला टेकवलेली, तोंड खिडकीकडे, पाय गाडीच्या लांबीच्या दिशेने फाकलेले. गचका पुढून येवो की मागून, तोल दोन पावलांच्या मधेच राहतो. वर सुट्टे पैसेही मोजून देतो. आपण मात्र ड्रायव्हरकडे तोंड करून, पाय जुळवून, राष्ट्रगीताला उभं राहावं तसे उभे राहतो.

आणि ती बरणी वरच्या रॅकवर ठेवू नका. पायांत धरा.