आशा, पण इंग्रजीतली

मुलीचं नाव आशा ठेवायला घरी पाळणा लागतो, आत्या लागते, घुगऱ्या लागतात. दिल्लीला चार इंग्रजी शब्द पुरले. ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट. एप्रिल 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, चारही शब्दांची पहिली अक्षरं उचलली गेली आणि हजार लोकवस्तीमागे एक या हिशेबाने आशा नेमल्या जाऊ लागल्या. आज त्या देशात दहा लाखांच्या घरात आहेत.

तेव्हापासून आमच्याकडच्या आरोग्य केंद्रांत असे संवाद चालतात.

"तुमच्याकडची आशा कोण हो?"

"आमची आशा सुनीता आहे नं."

"अन् वरच्या मोहल्ल्याची?"

"तिथली आशा वंदना. पण ते बाळंतपणाले माहेरी गेली, तं तिकडची आशाबी सुनीताच पाहून राह्यली."

यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. सुनीताला तर नाहीच, कारण आता तिलाही लोक आशाताईच म्हणतात. तलाठ्याला कोणी 'तलाठीदादा' म्हणत नाही, त्याला साहेब म्हणतात. ताई म्हटलं की पगाराचं बोलणं जरा अवघड होतं. बहिणीला काय पगार देता? भाऊबीज देतात.

खरी मेख मात्र चौथ्या शब्दात आहे. ॲक्टिव्हिस्ट! जगातली सगळी सरकारं ज्या जमातीला वचकून असतात, तिचं बिरुद आपल्या सरकारने स्वतःच्या हाताने दहा लाख बायकांना चिकटवलं. चूक लक्षात आली असावी. कारण हीच बाई मंत्रालयातल्या मराठी कागदावर आली की ती 'आशा स्वयंसेविका' होते. स्वयंसेविका म्हणजे कर्मचारी नव्हे, कर्मचारी नव्हे म्हणजे वेतन नव्हे, वेतन नव्हे म्हणजे मानधन आणि कामागणिक मोबदला. (स्वयंसेवकाने पगार मागायचा नसतो, हे नागपुरात तरी कोणाला समजावून सांगायची गरज नाही. संघाची रेशीमबाग इथेच आहे.)

मोबदल्याचा एकच नमुना बघा. नवजात बाळाला पाहायला आशाने घरी जायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन घ्यायचं, ताप पाहायचा, नाळ पाहायची, बाळ नीट पितं का ते पाहायचं, सगळं फॉर्मवर उतरवायचं. सहा फेऱ्यांचे मिळून ठरलेले 250 रुपये. फेरीला एक्केचाळीस-बेचाळीस पडले. नागपुरात बर्डीवरून ऑटोवाला एवढ्यात पुढच्या चौकापर्यंत नेईल की नाही, शंकाच आहे.

आणि ही कल्पना आपल्याच विदर्भातली बरं का! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरच्या घरी काळजी घेऊन नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणता येतात, हे त्यांनी दाखवलं आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जगाने मान डोलावली. दिल्लीने पद्धत उचलली आणि तिला 250 रुपयांचं लेबल लावलं.

मुलीच्या नावाचा गुण म्हणावा तर तसाही पुरावा आहे. सरकारने मुलांचीही नावं ठेवली आहेत. 2015 मध्ये उदय जन्मला, उज्ज्वल डिस्कॉम ॲश्युरन्स योजना. त्यात वीज वितरण कंपन्यांचं 75 टक्के कर्ज राज्यांनी आपल्या डोक्यावर घ्यायचं ठरलं. उदयचं कर्ज बाप फेडतो, आशाला मोबदल्यासाठी फॉर्म भरावा लागतो. घरोघरी मातीच्या चुली.

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन आलं की चौथा शब्द जागा होतो. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो आणि टेकडी रोडला नाही तर मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला बॅरिकेडपाशी अडतो. एका रंगाच्या साड्या रस्त्यावर बसतात, पिशव्यांतून डबे निघतात, घोषणा सुरू होतात. एवढ्यात कोणाचा तरी फोन वाजतो. गावात कोणाला तरी कळा सुरू झालेल्या असतात. बाई एका कानावर हात ठेवून ओरडते, "102 ले फोन लाव, अन् कार्ड घेजो सोबत, कार्ड!" आणि पुन्हा मूठ वर करते. आत, विधान भवनात, आरोग्य व्यवस्थेच्या कण्याचं कौतुक चालू असतं. कण्याने आत येऊ नये म्हणून बाहेर पोलीस उभे असतात.

कौतुकाची तशी कधीच टंचाई नव्हती. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. म्हणजे जिनिव्हात ती लीडर, दिल्लीत ॲक्टिव्हिस्ट, मुंबईत स्वयंसेविका. जसजशी घराजवळ येते तसतशी बारीक होत जाते. 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर राज्यात तिला 7000 रुपये वाढ जाहीर झाली. मग पुन्हा संप, मग आझाद मैदान. मार्च 2024 मध्ये निर्णय निघाला तेव्हा ती वाढ 5000 झाली होती. वाढसुद्धा बारीक झाली!

शहरी आरोग्य अभियानाच्या मसुद्यात तर आशाला बहीणही ठरली होती. अर्बन सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट, अर्थात उषा. पुढे तो बेत बारगळला आणि शहरांतही आशाच आली. पण एकदा आशा आणि उषा झाल्यावर मराठी माणसाला थोरलीची आठवण येणारच. तेव्हा लता मी करून दिली आहे, वित्त विभागाने खुशाल वापरावी. लेट अलाउन्स टू आशा.