भाष्यकार

सहज म्हणून या माणसाच्या जगात काहीच घडत नाही. चित्राच्या कोपऱ्यात निळा ठिपका असेल तर ती खूण असते. ठिपका नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम पुसलेला असतो, आणि मग तर खूण पक्कीच.

ऑर्हूसच्या आमच्या ऑफिसात तो माझ्यासमोर बसतो. डॅनिश, पस्तिशीला टेकलेला, सहा फुटांहून उंच, बोलणं बेताचं. मालवाहू जहाजांच्या वेळापत्रकातल्या चुका शोधणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. ते तो नेकीने करतो, पण त्यात त्याचा जीव नाही. चार वाजले की इथले लोक पोरांना आणायला पाळणाघराकडे पळतात. हा मात्र खुर्ची मागे सरकवतो, डब्यातला राय ब्रेडचा उरलेला काप तोंडात टाकतो आणि मला म्हणतो, "काल रात्री एक गोष्ट लक्षात आली." आपली बस चुकली, हे मी तेव्हाच समजतो.

मनातल्या मनात मी त्याला भाष्यकार म्हणतो. आपल्याकडे सूत्र एका ओळीचं असतं आणि त्यावरचं भाष्य चारशे पानांचं. सूत्रकार केव्हाच निघून गेलेला असल्यामुळे भाष्यकारांचं फावतं. आमच्या भाष्यकाराची पंचाईत अशी, की त्याचा सूत्रकार चांगला हयात आहे. त्याचं नाव क्रिस्तियान फाबर. आणि ग्रंथ म्हणजे प्लास्टिकची खेळणी.

लेगो हे विटांवर विटा रचायचं खेळणं म्हणून आपल्याला माहीत असतं. पण 2001 साली या कंपनीने 'बायोनिकल' नावाची एक निराळीच मालिका काढली. त्यात विटा नव्हत्या, दातेरी चक्रं आणि उखळी सांधे जोडून उभे करायचे मुखवटाधारी वीर होते. ताहू अग्नीचा, गाली पाण्याची, लेवा वाऱ्याचा, कोपाका बर्फाचा, पोहातू दगडाचा, ओनुआ मातीचा. प्रत्येक जण एका नळकांडी डब्यात यायचा. कथेतही हे सहा जण तसल्याच डब्यांत बसून समुद्रातून वाहत येतात आणि मातानुई नावाच्या बेटाला लागतात. म्हणजे दुकानातून घरी आणलेला डबा हाच कथेतला डबा. दहा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं?

वर मुखवटे होतेच. बारा घाट, प्रत्येक घाट सहा रंगांत, म्हणजे बहात्तर, आणि सोनेरी-रुपेरी वेगळे. सुटे मुखवटे बंद पाकिटात मिळायचे, आत कुठला निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या मते या माणसाच्या स्वभावाची पायाभरणी तिथे झाली. पाकीट फोडण्याआधी बोटांनी चाचपून आतला मुखवटा ओळखायचा, ही विद्या त्याने तेव्हा हस्तगत केली आणि पुढचं सगळं आयुष्य तो तेवढंच करत आला आहे.

पण त्याला नुसतं वेडगळ म्हणून सोडून देता येत नाही, याचं कारण 2008.

फाबर हा त्या काळी 'ॲडव्हान्स' या जाहिरात कंपनीतला कलादिग्दर्शक. तरुणपणी त्याच्या डोक्यात, पिट्युटरी ग्रंथीपाशी, गाठ निघाली होती. कर्करोगाची नव्हती, पण औषध टोचून घ्यावं लागायचं. आपण शरीरात इवलेसे सैनिक सोडतो आहोत आणि ते आत आपल्या वतीने लढताहेत, अशी कल्पना त्यातून त्याच्या मनात आली. ती तशीच बायोनिकलमध्ये उतरली. डबे म्हणजे औषधाच्या कॅप्सूल आणि वीर म्हणजे आतलं औषध. मग रोगी कोण? ते काही सांगितलं नव्हतं. पोरं सात वर्षं त्या बेटाचे नकाशे काढत राहिली, आणि 2008 मध्ये कथेने उघड केलं, की बेट हे बेट नव्हतंच. मातानुई नावाचा एक अवाढव्य यंत्रपुरुष समुद्रात आजारी होऊन निजला होता, त्याच्या चेहऱ्यावर ते बेट साचलं होतं. 2002 साली झाडं-डोंगर सपाट करत सुटलेले बोहरोक नावाचे दुष्ट किडे आठवतात? (मला नाही आठवत, पण तो हे असंच विचारतो.) ते दुष्ट नव्हतेच. राक्षस उठायच्या आधी त्याचं तोंड साफ करायचं, एवढ्याचसाठी ते बनवलेले होते.

आता सांगा, सतराव्या वर्षी ज्याला कळलं की आपण सात वर्षं एका माणसाच्या नाकावर खेळत होतो, आणि ते खेळणं विकणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, तो पुढे जन्मात कुठल्या ठिपक्याला ठिपका म्हणेल?

मालिका 2010 मध्ये थांबली. 2003-04 च्या सुमारास लेगो कंपनी पार गाळात रुतली होती, तेव्हा जे थोडं खपत होतं त्यात ही मालिका होती. तरी थांबली. कथेच्या काही उपकथा अर्ध्यावर लटकल्या त्या लटकल्याच. 2015 मध्ये कंपनीने बायोनिकल पुन्हा आणली आणि 2016 मध्ये परत गुंडाळली. या पुनर्जन्माबद्दल भाष्यकाराचं मत विचारलं तर तो चष्मा पुसतो. खेळणी चांगली होती, सांधे मजबूत होते, रंग छान होते. "पण डब्यावर होतं तेच आत होतं," असं म्हणाला. याहून कडक शेरा मी त्याच्या तोंडून ऐकलेला नाही, जहाज कंपन्यांबद्दलसुद्धा नाही.

आणि मग फाबर स्वतःच्या एका नव्या जगाची थोडी थोडी झलक दाखवू लागला. नाव 'रेबेल नेचर'. बायोनिकलचे हक्क कंपनीकडे, त्यामुळे जुनी नावं तोंडातून काढायची सोय नाही. नवं जे येईल ते खेळणं असेल, गोष्ट असेल की आणखी काही, याचा बोध मंडळींना होईना. मंडळी म्हणजे जगभर पसरलेले याच्यासारखेच पस्तिशीतले प्रौढ, केस विरळ होऊ लागलेले आणि बाराही मुखवट्यांच्या शक्ती झोपेत म्हणून दाखवणारे. बोध होईना म्हणजे काय, आनंदाला पारावार राहिला नाही.

त्यांच्यात लगेच पंथ पडले. एक पंथ म्हणतो, हा बायोनिकलचा उत्तराधिकारी नव्हेच, लोक उगाच आशा लावून बसले आहेत. या पंथाचे लोक ही गोष्ट सांगायला रोज येतात. दुसरा म्हणतो, ही त्याच कथेची आधीची गोष्ट आहे, तो राक्षस कोणी बांधला त्याची. तिसऱ्या पंथाला मुळात फाबरच मान्य नाही. बायोनिकलचा आद्य आराखडा लिहिण्यात ॲलिस्टर स्विनर्टन होता, कथेची सूत्रं बॉब थॉम्पसनने हलवली, कॉमिक आणि बहुतेक पुस्तकं ग्रेग फार्श्टीने लिहिली, तेव्हा कर्ता कोणाला म्हणायचं, असा त्यांचा सवाल असतो. यातला फार्श्टी चाहत्या पोरांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यायचा, आणि ती उत्तरं 'कॅनन' म्हणजे प्रमाण धरली जात. अमक्या वीराला झोप लागते का, इथपर्यंत पोरांनी विचारून ठेवलेलं. एवढे लाड झालेल्या पिढीला पुढे कोणी नुसतं एक धूसर चित्र दाखवलं तर ती काय काय करील, याचा विचार चित्र दाखवणाऱ्यानेच करायला हवा.

भाष्यकार चौथ्या पंथाचा. त्या पंथात तो एकटाच आहे. त्याचं म्हणणं, उत्तर आधीच देऊन झालंय, आपल्याला दिसत नाही इतकंच. त्यासाठी त्याने जुन्या डब्यांची झाकणंसुद्धा पुन्हा तपासली. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, तो माणूस याच देशातला. आपली जुनी रेखाटनं आपण होऊन लोकांना दाखवतो. सरळ त्यालाच का विचारत नाहीस?"

त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "विचारून काय होणार? तो सांगेल तेवढंच कळेल."

गेल्या उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून आली. मी त्याला जेवायला बोलावलं. इथे लहानमोठे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण आईला सुमन म्हणायला त्याची जीभ वळेना, मी वळू दिलीही नसती. शेवटी तोही आईच म्हणू लागला. थालीपीठ खाता खाता त्याने बायोनिकल सांगायला घेतलं आणि दुभाष्या म्हणून मी अडकलो. तो डब्यांपासून निघाला, बोहरोकांवरून गेला आणि 2008 पाशी येऊन थांबला. इथे तो नेहमी थांबतो. ऐकणारा दचकेल म्हणून वेळ देतो.

आई दचकली नाही. "म्हणजे खाली कोणीतरी निजलेला आणि वर हे राहत होते. मग? आपण नाही का शेषाच्या फण्यावर राहत? तो हलला की धरणीकंप. यात लपवण्यासारखं काय होतं?"

मी भाषांतर केलं. त्याचा घास हातातच राहिला.

"आणि ते किडे," आई म्हणाली, "ते तोंड साफ करणारे. ते न्हावीच की रे."

ही सगळी मंडळी इतकी वर्षं बोहरोकांवर खल करत होती. कोणी त्यांना रोगप्रतिकारक पेशी म्हटलं होतं, कोणी प्रलयाचं रूपक म्हटलं होतं. न्हावी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. त्याने खिशातून वही काढली आणि तूप लागलेल्या बोटांनी लिहून घेतलं. शेषाचं स्पेलिंग विचारलं. फाबर कधी भारतात येऊन गेला होता का, हेही विचारलं. मला काय ठाऊक!

तिथे थांबला असता तर बरं होतं. पण आईने गोष्टीत मन घातलं होतं. तिने नव्या मालिकेचं काय ते विचारलं. मी हक्कांची अडचण सांगितली, जुनी नावं वापरता येत नाहीत म्हणून सांगितलं. आईने क्षणभरही विचार केला नाही. "मग अवतार घेईल. नाव वेगळं, रूप वेगळं, आत तोच. देवांना कुठे हक्कबिक्क आडवे आले?"

भाष्यकार उभाच राहिला. कारण याला पुरावा होता! 2001 मध्येच न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी हरकत घेतली, की आमच्या भाषेतले शब्द खेळण्यांना लावू नका. कंपनीने मान्य केलं. बेटावरच्या लोकांना 'तोहुंगा' म्हणत ते 'मातोरान' झाले, 'जाला' नावाच्या शिपायाचा 'जॅलर' झाला. आणि हा बदल कंपनीने गुपचूप केला नाही, तर कथेत गावाने समारंभ करून त्यांना नव्या नावांचा मान दिल्याचं दाखवलं. बारसंच म्हणा. बाहेरच्या तक्रारीचा आत सोहळा झाला. म्हणजे नाव बदलून तोच माणूस पुढे चालवायची रीत या ग्रंथात पहिल्यापासून आहे, आणि ती सांगलीच्या एका बाईने थालीपीठ उलथता उलथता ओळखली. हे सगळं तो मला डॅनिश आणि इंग्रजीची सरमिसळ करून सांगत होता आणि आई विचारत होती, "दही हवंय का त्याला?"

त्याने ते मंडळींपुढे मांडलं. आईचं नाव द्यायला मी मनाई केली, तर त्याने गावाचं दिलं. आता 'सांगली सिद्धांत' म्हणून तो ओळखला जातो. फिनलंडातल्या दोघांनी मान्य केलाय. पहिल्या पंथाने, हे सगळं उगाच आहे, असं नेहमीप्रमाणे रोज येऊन सांगितलंय. कॅनडातल्या एकाने मात्र मुद्देसूद हरकत घेतली, की अवतार घ्यायला मूळ देव मोकळा हवा, आणि मातानुई तर कथेत शेवटी देह सोडून जातो, मग अवतार कोणाचा?

काल चार वाजता भाष्यकाराने ती हरकत छापून माझ्यापुढे ठेवली. साडेतीन पानं. उत्तर आजच गेलं पाहिजे, नाहीतर सिद्धांत पडला असं धरलं जाईल, म्हणाला. मी सांगलीला फोन लावला. तिकडे साडेसात झाले होते. आई घाईत होती, भिशीला निघाली होती.

"देह सोडला म्हणून काय झालं?" ती पायात चप्पल सरकवत म्हणाली. "देह सोडल्याशिवाय दुसरा घेतील कसा? त्या कॅनडावाल्याला म्हणावं, आधी नीट वाच." आणि फोन ठेवता ठेवता, "त्याला विचार, तो नवा राक्षस झोपलाय की जागा? झोपला असेल तर न्हावी लागतील. न्हावी कुठे दिसतात का बघायला सांग."

मी सांगितलं. त्याने फाबरचं ताजं चित्र पडद्यावर काढलं आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून मोठं करायला सुरुवात केली.