धार तुटेपर्यंत

परवा काकाजींनी माझी कढी नापास केली. चव घेऊन नव्हे, चव ते घेतच नाहीत. खिशातून प्लास्टिकचा छोटा कप काढला, तळाच्या भोकावर बोट धरलं, कढी काठोकाठ ओतली, बोट काढलं आणि घड्याळाकडे बघत बसले. धार बारीक झाली, थरथरली, तुटली. "11 सेकंद," काकाजी म्हणाले. "पातळ हाय बाई. उभ्या फळीवर मारली तर ओघळून जाईन." कढी उभ्या फळीवर मारायचा माझा काही बेत नव्हता, पण हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

तुमच्या लेआउटमध्येही असे एक काकाजी असतीलच. नोकरी संपते, शाल-श्रीफळ होतं, ग्रॅच्युइटी बँकेत पडते आणि पुढच्या सोमवारी सकाळी माणसाच्या लक्षात येतं की हाताला काम नाही. मग कुणी होमिओपॅथीची पेटी आणतो, कुणी सोसायटीचे जुने हिशेब उकरतो. आमच्या काकाजींनी लाकडावर पॉलिश फवारायचं मशीन मागवलं. कारण काकूंच्या माहेरची सागवानी बंगई. बल्लारशाच्या लाकडाची, आठवडाभर पाहुण्यांनी झोके घेतले तरी कुरकुर न करणारी. तिचं पॉलिश काळं पडलं होतं. मिस्त्रीला बोलावलं असतं तर काम चार दिवसांत झालं असतं, पण मग काकाजींनी काय केलं असतं?

मशीन अगदी शिकाऊ माणसासाठीचं. हातात धरायची प्लास्टिकची गन, खाली पॉलिशचा डबा, मागे पाइपने जोडलेली घूं-घूं करणारी मोटर. हवा भरपूर, दाब कमी. त्यामुळे माल लाकडावर जास्त बसतो आणि शेजाऱ्याच्या स्कूटरवर कमी उडतो, असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. स्कूटर माझी आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने ती एकदा येऊन बघावी.

त्याच खोक्यातून तो कप निघाला, आणि आमचे दिवस फिरले. पॉलिशमध्ये थिनर किती घालायचं ते अंदाजाने ठरवू नका, कप भरा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा, असा त्याचा नियम. कारखान्यांत या कामाला फोर्ड कप नावाचा धातूचा कप असतो, हा त्याचाच गरीब भाऊ. काकाजींनी आयुष्यभर पॉवर हाउसमध्ये रीडिंग घेतली. अंदाज या शब्दाचा त्यांना मनस्वी तिटकारा. "अंदाज ठेकेदार करते. आपण रीडिंग घेतो." लॅकरसाठी त्यांनी 18 सेकंद पक्के केले आणि मग जगातला प्रत्येक द्रव पदार्थ या 18 च्या न्यायासनासमोर उभा राहू लागला.

काकूंचं वरण 34 सेकंद, "थिनर घाला". चहा 9, "हे काय पाणीच हाय". पोह्यावरची तर्री बाद, कारण तेल वर आणि रस्सा खाली, "मिक्सिंगच नाही झालं". पिठलं कपातून उतरलंच नाही. त्यावर "गन चोक" असा शेरा पडला आणि तो कप काकूंनी ज्या पद्धतीने धुतला तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. नवरात्रात तर कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनानंतर एका भंडाऱ्यात त्यांनी पंगतीतच वरणाची चाचणी घेतली. मागे वाढपी वाट बघत उभा, त्याच्या मागे भुकेली रांग, आणि काकाजी एक बोट वर करून, "थांब बावा, धार नाही तुटली अजून." रांगेतल्या एका बाईने त्यांना जे सुनावलं ते मासिकात छापता येत नाही.

बरं, 18 सेकंद साधले म्हणून पॉलिश साधतं का? गन फळीपासून सहा-आठ इंचांवर ठेवून खांद्यापासून हात सरळ न्यायचा असतो. काकाजी मनगटातून आरती ओवाळत. मध्ये थर जाड, दोन्ही टोकांना कोरडं. घोडा फळीच्या अलीकडे दाबायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. काकाजी फळीच्या मधोमध थांबून स्वतःचं काम न्याहाळत आणि तेवढ्यात तिथे ओघळ उतरे. माल घट्ट राहिला की फळीला बारीक खळगे पडत, त्याला सगळीकडे संत्र्याची साल म्हणतात. काकाजींनी ती साल मला कौतुकाने दाखवली. "हे तर आपल्या नागपूरचंच पीक हाय ना!"

मे महिन्यात पारा 45 ला टेकला तेव्हा थिनर हवेतच उडून जायला लागलं आणि फळीवर नुसती खरखरीत भुकटी बसली. मग काकाजींनी बंगई आत नेली आणि कूलर लावला. आता कूलरची हवा म्हणजे ओली हवा. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, त्या गार थरावर ओल जमते आणि लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. बंगई पांढरी झाली. शिवाय थिनरच्या वाफेत कूलरच्या मोटरची एक ठिणगी पडली असती तर हे व्यक्तिचित्र मृत्युलेखाच्या पानावर गेलं असतं. हे लक्षात आल्यावर मात्र त्यांच्यातला पॉवर हाउसचा माणूस जागा झाला आणि घरात परमिट सुरू झालं. फवारणीच्या आधी छापील कागद: गॅस बंद, कूलर बंद, देवापुढचा दिवा विझवलेला, खिडक्या उघड्या, तोंडावर दुपट्टा नव्हे तर वाफ अडवणारा मास्क. खाली काकूंची सही. सही नसेल तर शटडाऊन.

काकूंनी परमिट एकदाच नाकारलं. काकाजींची सगळी नोकरी ईएसपीत गेली. कोळशाच्या धुरातली राख पकडणारं ते यंत्र. 40-50 हजार व्होल्टच्या जोरावर राखेचे कण पत्र्यांना चिकटवायचे, मग पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राख खाली हॉपरमध्ये उतरते. कारखान्यांत रंगाच्या तुषारांवरही असाच विजेचा भार देऊन ते वस्तूकडे ओढून घेतात, हे काकाजींना कळलं, आणि दोन दिवस ते बंगईला कोणत्या व्होल्टेजला जोडावं याच्या आकृत्या काढत होते. कोरडं लाकूड वीज वाहून नेत नाही म्हणून, आणि काकूंनी कागद फाडला म्हणून, आज आमच्या लेआउटला दिवे आहेत.

ज्ञानाचा हा मारा सहन करायचा म्हणजे कठीणच. मी एकदा नुसती खोकले, तर त्यांनी ऐकवलं की अमेरिकेतल्या टोलेडोच्या डीव्हिलबिस नावाच्या घशाच्या डॉक्टरने रोग्यांच्या घशात औषध उडवायचं यंत्र केलं, 1888 मध्ये त्याची कंपनी काढली, आणि पुढे 1907 च्या सुमारास त्याच्या मुलाने त्यातूनच रंगाची गन काढली. "म्हणजे मूळचं मशीन खोकल्याचंच हाय," असं म्हणून त्यांनी माझ्या काढ्याकडे पाहिलं. मी कप दिसायच्या आत तो पिऊन टाकला.

शेवटी काकूंनीच कामठीहून एका पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने पॉलिश घासण्यात हयात गेलेला माणूस. मिस्त्रींनी डब्यात काडी बुडवली, वर उचलली, काडीवरून पडणारी धार पाहिली, थोडं थिनर ओतलं, पुन्हा काडी. "झालं." काकाजी हसले आणि कप लावला. 18. दुसरा डबा कालवायला लावला. 18. मग 17 आले, तसे काकाजी टाळी वाजवून उठले. "चुकलं!" मिस्त्रींनी वर पाहिलं. "ऊन चढलं ना साहेब. माल तापला की पातळ होते." काकाजींनी डबा सावलीत नेला, गार होऊ दिला आणि पुन्हा मोजलं. 18. त्या दिवसापासून ते मिस्त्रींना सर म्हणतात आणि त्यांच्या मागे डबा धरून उभे राहतात. पॉवर हाउसमध्ये त्यांनी किती साहेबांना मनापासून सर म्हटलं असेल, याची मला शंकाच आहे.

हात सुधारला, पण ओल्या थरावर काय येऊन बसेल हा प्रश्न राहिलाच. कोराडीत 1974 पासून वीज तयार होते, आता 660 मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, शिवाय छिंदवाडा रस्त्याचे ट्रक आहेत, बांधकामं आहेत. रात्री आरशासारखी सोडलेली फळी सकाळी हाताला खरखरीत लागे. काकाजींनी नातवाचा शाळेचा मायक्रोस्कोप आणला. भट्टीत वितळून हवेत गार झालेल्या राखेचे कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल असतात, रस्त्याची धूळ कोनाकोनांची. काकाजी कण काचेवर घेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करत, "कोन हायेत. रस्त्याची हाय." 2023 च्या मे महिन्यात आणखी दोन संचांसाठी कोराडीत जनसुनावणी झाली तेव्हा लेआउटमधला जो तो तावातावाने बोलत होता, काही बाजूने, बरेच विरुद्ध. काकाजींना विचारलं तर म्हणाले, "रीडिंग घ्या, मग बोला." पण अलीकडे ते काचेतून बराच वेळ बघतात. मी विचारलं, "आज गोल की कोनांचे?" त्यांनी 400 नंबरचा पेपर उचलला. "बसलं ते बसलं. घासायचं तर आपल्यालेच हाय."

या वाक्यानंतर मला त्यांचा राग येईनासा झाला. स्कूटरवरचे ठिपके मी त्यानंतरही त्यांना दाखवते, पण सवय म्हणून.

गेल्या हिवाळ्यात काकाजींच्या हृदयाची झडप बदलली. महिनाभर गन खोक्यात. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आणि ते किती पातळ झालं हे बघायला ठरावीक दिवसांनी तपासणी. पहिला रिपोर्ट घेऊन काकाजी स्वतः आमच्याकडे आले, काठी टेकत, दम खात. कागदावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. प्रोथ्रॉम्बिन टाइम: 26 सेकंद. "पाय बाई," ते म्हणाले, "आमच्या रक्ताचेही सेकंदच मोजून राहिले." इतकी वर्षं ज्याला त्याला सेकंद सांगत फिरलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच सेकंदांत उत्तर दिलं होतं. चेहऱ्यावर असा आनंद, की झडप बसवल्याचं दुःख कुठच्या कुठे. मग कागद नीट घडी करून खिशात ठेवताना हळूच म्हणाले, "18 च्या वर हाय, पण डॉक्टर म्हणते एवढं पायजे. आता त्यायचा माल, त्यायचा कप." काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी त्या दिवशी काकाजींच्या वरणाची धार स्वतः मोजली आणि आकडा कुणालाही सांगितला नाही.

बंगई झाली. चांगली झाली, हे मला लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. आता काकाजींनी लेआउटमधल्या लोकांच्या वस्तू घ्यायला सुरुवात केली आहे: पाट, देवघरं, एका घरचा पाळणा. तुमच्याकडे जुनं सागवान धूळ खात पडलं असेल तर कोराडीला पाठवून द्या, पैसे घेत नाहीत. फक्त मे महिन्यात आणि पावसाळ्यात पाठवू नका, दिवाळीनंतरच पाठवा. कधी मिळेल ते विचारू नका. आणि स्कूटर लांब लावा.