लान्सारोते बेटी सुट्टी उपभोगण्याची शास्त्रोक्त पद्धती

ज्या गृहस्थाच्या मते सुट्टी म्हणजे हिरवळ, सावली आणि जागच्या जागी राहणारा भांग, त्याने लान्सारोतेच्या वाटेस जाऊ नये, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. अंमल स्पेनचा, परंतु आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, अशा या कनारी बेटावर पाऊस वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर पडतो. वारा मात्र बारमाही असून तो कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाही. सबब छत्री घरीच ठेवावी, आणि टोपी नेल्यास ती पहिल्याच दिवशी बेटास नजर केली असे समजून तिच्यामागे धावू नये. धावणारा प्रौढ मनुष्य कोणत्याही मुलखात शोभत नाही.

अग्निदर्शनास तिमानफायाच्या डोंगरांत जावे. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री तेथील भूमी दुभंगली आणि पुढे १७३६ पर्यंत लाव्हारसाने गावेच्या गावे व उत्तम शेतजमीन गिळंकृत केली. यायसा गावचे धर्मगुरू कुर्बेलो यांनी या उत्पाताची रोजनिशी लिहून ठेवली. भूगर्भ अद्याप निवालेला नाही. तेथील सेवक जमिनीत रोवलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततो, आणि क्षणार्धात वाफेचा स्तंभ गर्जना करीत उसळतो. त्या वेळी दचकणे क्षम्य आहे, परंतु ‘मला ठाऊकच होते’ असे सोबत्यांस सांगणे क्षम्य नाही. शेजारच्या उपाहारगृहात याच उष्णतेवर कोंबड्या भाजतात. शाकाहारी मनुष्याने मिठाच्या पाण्यात सुरकुत्या पडेपर्यंत शिजविलेले सालासकट बटाटे मागवावेत आणि ज्वालामुखीशी आपला संबंध केवळ वैचारिक राखावा.

उंटावर बसण्याची हौस असल्यास दांपत्याने पूर्वविचार करावा. आसने उंटाच्या दोन्ही अंगांस एकेक अशी असतात, आणि पारडे एका बाजूस झुकले की हलक्या बाजूस वाळूची पिशवी अडकवून तोल साधतात. ही पिशवी कोणत्या बाजूस लागली यावर त्या दिवशी तरी चर्चा करू नये.

ला हेरियाचे द्राक्षमळे पाहिल्यावाचून परतणे हा मात्र अक्षम्य प्रमाद होय. ज्या राखेने शेती बुडविली तिच्यातच तेथील शेतकऱ्याने जुनी माती लागेपर्यंत खड्डे खणले, खड्ड्यात वेल लावला आणि वाऱ्याच्या अंगास काळ्या दगडांची अर्धवर्तुळाकार गडगी रचली. ती राख रात्रीचा ओलावा शोषून घेते आणि दिवसा मातीतून तो उडू देत नाही, आणि एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर माल्व्हासिया द्राक्षांचे मद्य निघते. एखाद्या खड्ड्यात उतरून घटकाभर निवांत बसावे असा मोह वाऱ्याने गांजलेल्या प्रवाशास होतो. तो आवरावा, त्या निवाऱ्याच्या सातबाऱ्यावर वेलीचे नाव लागलेले आहे.

हामेओस देल आग्वा येथील भूमिगत तळ्यात चिमुकले, पांढरे, आंधळे खेकडे राहतात. त्या गुहेस आजचे देखणे रूप देणारे सेसार मान्रिके (१९१९–१९९२) यांनी बेटावर उंच इमारतींना व रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांना विरोध करून घरांच्या पांढऱ्या भिंतींची वहिवाट राखली. एवढेच नव्हे तर वाऱ्यासच कामास लावून फिरती धातुशिल्पे उभारली. तळ्यात मात्र नवसाचे नाणे टाकू नये, कारण धातूचा गंज खेकड्यांस घातक ठरतो.

महाराष्ट्रीय प्रवाशास एक खास सूचना. ज्या काळ्या पाषाणापुढे इतर लोक स्तब्ध होतात तो बहुतांशी बसाल्टच असून सह्याद्रीत त्याचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा ज्येष्ठ आप्त पसरलेला आहे. तथापि ‘हा तर आमच्या पाट्यावरवंट्याचा दगड’ असा उद्गार चारचौघांत काढून यजमानांचा हिरमोड करू नये. तिमानफायाच्या राष्ट्रीय उद्यानातील दगड उचलून नेण्यास मनाई आहे. बुटांत, कानांत आणि पासपोर्टाच्या पानांत आपसूक शिरलेल्या राखेविषयी मात्र कोणी चौकशी करीत नाही, तेव्हा तीही आपण होऊन जाहीर करू नये.