स्पेकवाले भाऊ

सिडकोतल्या एखाद्या घरात रात्री दीडला वरच्या खोलीत दिवा दिसला, तर आत चोर नसतो आणि परीक्षेचा विद्यार्थीही नसतो. स्पेकवाले भाऊ असतात. दिवसा वाळूजच्या कंपनीत नोकरी, रात्री ब्राउझरच्या इंजिनाची फुकट चाकरी. शेजाऱ्याने विचारलंच, "भाऊ, काय करायलेत एवढ्या रात्री?" तर उत्तर येतं, "दोन पिक्सेलचा फरक पडतोय." शेजारी जिना उतरतो.

भाऊंचा जीव 'सर्वो' नावाच्या इंजिनात अडकलाय. मोझिलाने २०१२ साली हाती घेतलेलं, रस्ट भाषेतलं हे इंजिन आता लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली आहे. ब्लिंक, वेबकिट आणि गेको ही तीन घराणी नांदत असताना चौथं कशाला, असं भाऊंना विचारू नये. चहा गार होतो. त्यांचं म्हणणं, स्पेक म्हणजे वेबचं लिखित प्रमाण, आणि ते वाचून कुणालाही इंजिन लिहिता आलं पाहिजे. नाही आलं तर ते प्रमाण नव्हे, क्रोमची सवय. मुद्दा बिनतोड आहे, पण भाऊ तो बारशातही मांडतात.

पंथ जुना. २००५च्या ऍसिड-२ चाचणीतला हसरा चेहरा त्यांनी देवघराशेजारी चिकटवलाय. ब्राउझरने सीएसएसचे, म्हणजे पानाच्या मांडणीचे, नियम पाळले तरच तो चेहरा धड दिसे. इंटरनेट एक्सप्लोररला तो जमायला २००९ची आठवी आवृत्ती उजाडावी लागली, हे भाऊ अजून विसरले नाहीत. आता असल्या चाचण्या लाखांच्या घरात गेल्यात. त्यातली एखादी नापास चाचणी पास झाली की भाऊ उस्मानपुऱ्यात जाऊन तारा पान खातात.

घरच्यांचे हाल वेगळेच. वहिनी म्हणाल्या, "अहो, कुकरची शिट्टी होईना." भाऊंनी मान वर केली नाही. "नेहमीच होत नाही की कधीकधी? आधी डाळ काढ, मग तांदूळ काढ, नुसत्या पाण्यावर लावून दाखव." दोष जितका छोट्या उदाहरणात दाखवता येईल तितका लवकर सुटतो, हे इंजिनवाल्यांचं शास्त्र. वहिनींनी शेजारणीचा कुकर आणला.

लग्नपत्रिका आली की नवरदेवाचं नाव नंतर, आधी 'ल' आणि 'श'. शासनाने २००९ साली पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. पण वेबपानावर भाषा मराठी असल्याचं नोंदवलं नाही, तर बरेच फाँट बिनदिक्कत हिंदी वळणाची अक्षरं काढतात. शीर्षकाची अक्षरं ऐसपैस पसरायला जावं तर काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात. इथे भाऊंची चिडचिड मला सोळा आणे मान्य आहे. आपल्या लिपीचे असले दोष कॅलिफोर्नियातल्या माणसाला दिसायचे कसे? ते वाळूजहून थकून आलेल्या माणसानेच दाखवायला हवेत.

गंमत पुढेच आहे. भाऊ इतके नियमाचे, की सिडको चौकात मध्यरात्री, रस्ता सुनसान असतानाही लाल दिव्याला थांबतात. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, मग बाजूने निघून जातो. आणि भाऊ रात्रभर राबतात ते मात्र त्या रिक्षावाल्यासाठी! कारण एचटीएमएलचं प्रमाण नियम मोडणाऱ्यांनाही सांभाळून घेतं. टॅग बंद करायला विसरलात? कुठे बंद मानायचा ते लिहिलंय. तक्त्यात भलताच मजकूर घुसला? चुकून दुसऱ्या पंगतीत बसलेल्या पाहुण्याला उठवून, अपमान न करता आधीच्या पंगतीत बसवावं, तसा तो तक्त्याच्या आधी नेऊन ठेवायचा. पानाच्या डोक्यावर डॉकटाइपची ओळ नसेल, तर इंजिनाने मुद्दाम जुन्या ब्राउझरांसारखं चुकीचं वागायचं. त्या चुकीच्या वागण्याचंही वेगळं प्रमाण लिहून ठेवलंय, आणि तेही काटेकोर पाळावं लागतं. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिलेलं गचाळ पान आज नीट उघडतं, ते या सोशिकपणामुळे.

"म्हणजे चूक करणाऱ्याला शिक्षाच नाही?" मी विचारलं.

भाऊंनी चष्मा पुसला. "शिक्षा आहे ना. ती आम्हाला."

असे भाऊ तुमच्याही कॉलनीत असतील. त्यांना जेवायला बोलवा, कुकर मात्र दाखवू नका. आणि तुमच्या पतसंस्थेच्या संकेतस्थळावर 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही ओळ अजून असेल, तर ते यायच्या आधी काढून टाका. त्या ब्राउझरचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजीच काढून घेतला आहे.